खाडाखोड नसलेला पंचनामा

पंचनामा लिहायला बसलो की माझी एक सवय होती. जागा, दिशा, वस्तू, वस्तूचा रंग, पंचांची नावं, सगळं आधी तोंडातल्या तोंडात म्हणून घ्यायचं आणि मगच पेन कागदाला लावायचं. एकदा लावलं की शेवटच्या सहीपर्यंत थांबायचं नाही. एक शब्दही खोडायचा नाही. नियम असा आहे की लिहिताना चुकलं, तर चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची आणि बाजूला आपली छोटी सही करायची. म्हणजे खाडाखोड लपवून केली नाही, असं कोर्टाला कळतं. पण बचावाचे वकील त्या सहीवर बोट ठेवून अर्धा तास काढतात. म्हणून मी ठरवलं होतं की आपल्या कागदावर ती वेळच येऊ द्यायची नाही. सगळ्या नोकरीत ती आली नाही. नवीन साहेब आले की जुने साहेब त्यांना माझे पंचनामे दाखवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मी पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार होतो. ठाणं कोणतं ते लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत. माझ्याकडं लिखापढी आणि मालखाना होता, म्हणून सगळे मला मुंशीजी म्हणायचे. मालखाना म्हणजे जप्त केलेल्या वस्तूंची खोली. लोकांना वाटतं तिथं तलवारी आणि सोनं असतं. प्रत्यक्षात तिथं हवा गेलेल्या सायकली असतात, कॅनमधली मोहाची दारू असते (दर उन्हाळ्यात ती आपोआप कमी होते आणि दर वर्षी त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं), आणि एकमेकांच्या डोक्यात घातलेल्या काठ्या असतात. एकदा चोरीची बकरी जप्त झाली. तिचा मालक ठरेपर्यंत ती ठाण्यामागं बांधून होती आणि तिथंच व्याली. आता रजिस्टरमध्ये एक नग होता आणि अंगणात तीन. साहेब म्हणाले, "मुंशीजी, लिख दो कुछ." काय लिहिणार? शेवटी ‘जब्तशुदा बकरी से उत्पन्न’ असं लिहून मोकळा झालो. नोकरी सगळी हिंदीत केली, घरी मराठी. दोन्हीत माणसाला अडकवता येतं.

या अंकाच्या संपादकांनी मला एखादी थरारक केस मागितली होती. खून वगैरे. तसे आहेत दोन-चार, पण त्यांच्यात मी फक्त कागद लिहिले. ज्या केसमध्ये माझ्या हातून काही झालं, ती एका फोनची आहे.

वामन मिस्त्री हा सरकारी हातपंप दुरुस्त करणारा कंत्राटी माणूस. बोरगाव, रामाकोना आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरचे पंप त्याच्याकडं होते. काटक, चष्मा दोरीनं बांधलेला, मोटरसायकलच्या मागं पान्यांची पेटी. त्यानं एक चांगलं काम केलं होतं. आपल्या भागातल्या प्रत्येक पंपावर निळ्या रंगानं स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला होता, ‘पंप बिघडल्यास’ असं वर घालून. विभागानं सांगितलं नव्हतं. लोक फोन लावायचे आणि तो यायचा. अर्ज नाही, आवक-जावक नाही.

त्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली. संत्र्याच्या बागांसाठी लोकांनी खोल बोअर मारले आणि पंपांच्या तोंडचं पाणी पळालं. अशा वेळी पंपात खालपर्यंत आणखी पाइप सोडावे लागतात. वामन दोन महिने पाइप मागत होता. पाइप काही आले नाहीत. आढावा बैठक मात्र दर सोमवारी व्हायची, मोबाइलवर. पाणी विभागाचे साहेब जिल्ह्याच्या गावी, खालचे अभियंते, पंचायतींचे सचिव, उपकेंद्रांच्या नर्सबाई, मिस्त्री, सगळे आपापल्या फोनसमोर. म्हणजे ज्या वेळेत पंप सुधरायचे, त्या वेळेत पंप किती सुधरले ते सांगत बसायचं.

एका सोमवारी वामन रामाकोन्याकडच्या एका वस्तीत पंप उघडून बसला होता आणि फोन शेजारी चालू होता. साहेबांनी त्याच वस्तीचं नाव वाचलं आणि म्हणाले, इथले पंप सुरू. वामननं आपला आवाज चालू करायचं बटण दाबलं. बोलला काहीच नाही. फोन पंपाच्या चौथऱ्यावर ठेवला आणि बायांना म्हणाला, "हाना व दांडा." कोरड्या पंपाचा दांडा हलका पडतो, नुसता आपटतो. खडाक, खडाक, आणि मध्ये पोकळ घरघर. साठ-सत्तर फोनांवर तेवढंच ऐकू येऊ लागलं. साहेब ओरडले, "म्यूट करो!" ज्या बाबूच्या हाती बैठकीची सूत्रं होती, त्याला दुसऱ्याचा आवाज बंद करता येत नव्हता. मग बायाही बोलल्या. "साहेब, आयकून राह्यले ना जी? हे तुमचे चालू पंप!" कोणीतरी हसलं. बैठक मोडली.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात त्या साहेबांची तक्रार आली. शासकीय कामात अडथळा, कट, आणि शेवटी मोबाइल-इंटरनेटचं एखादं कलम बसत असेल तर तेही लावा, अशी. कोणतं कलम बसतं हे पाहण्यातच आमच्या ठाण्याच्या साहेबांचे आणि माझे दोन दिवस गेले. मारहाण नाही, शिवी नाही, कोणाला हात लावलेला नाही. पण वरून रोज फोन यायचा की अशानं उद्या कोणीही उठेल आणि बैठक उधळेल. शेवटी गुन्हा नोंदला. मी नोंदला, माझ्या अक्षरात.

वामनला बोलावलं, फोन जप्त केला. दोन पंच लागतात, म्हणजे साक्षीला दोन बाहेरची माणसं. ठाण्यासमोरचा चहावाला आणि सायकलवाला हे आमचे नेहमीचे पंच. दोघांनी सही केली. सायकलवाल्याला नागपूरची गाडी धरायची होती, तो पांढुर्ण्याच्या स्टेशनाकडं पळाला. मी पंचनामा वाळत ठेवला. सुंदर झाला होता. ‘एक नग मोबाइल, काळा, सिमसहित.’

तेव्हा वामन बाकावरून उठून टेबलाजवळ आला. म्हणाला, "मुंशीजी, फोन ठेवा तुम्ही. सिम तेवढं काढून द्या मले."

"आता लिहून झालं ना वामन. सिमसहित लिहिलं आहे."

"मंग खोडा ना जी तेवढा एक शब्द. नंबर पंपायवर लिवेल हाय माह्या. एवढ्या उन्हाचे लोकं फोन लावून राह्यले."

"पंच गेला गाडीनं. त्याच्याशिवाय कागदात बदल करता येत नाही. दोन-चार दिवसांत कोर्टातून तुझा फोन सुटून मिळेल."

"दोन-चार दिवसांत?"

"हो रे बाप्पा, सांगतो ना."

त्यानं चष्म्याची दोरी सारखी केली. मग म्हणाला, "तुम्ही म्हनता तं असंन." आणि गेला.

पंचाचं कारण खरं होतं, पण अर्धं. सायकलवाला दुसऱ्या दिवशी परत येणारच होता. त्याच्यासमोर एक रेघ मारून बाजूला तिघांच्या सह्या घेतल्या असत्या, तर काम झालं असतं. मला तो कागद खराब करायचा नव्हता, एवढीच गोष्ट. ‘सिमसहित’वर रेघ पडलेली मला डोळ्यांसमोर दिसली आणि नको वाटली.

फोन डबीत घातला, डबी पांढऱ्या कापडात शिवली, लाखेची मोहर मारली, रजिस्टरमध्ये चढवला, फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी मालखान्यात काठ्या मोजत होतो, तर कापडाच्या आत फोन वाजायला लागला. माझ्या लक्षात आलं की सील करताना मी तो बंद केला नव्हता. इतक्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मोहर कोर्टाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. बाहेरून साहेब ओरडले, "मुंशीजी, बंद करो इसको!" मी म्हटलं, "साहब, सील है." ते आत आले, गाठोड्याकडं पाहिलं, कपाळावर हात मारून परत गेले.

दीड दिवस तो वाजत होता. हवालदार-शिपायांना आधी मजा वाटली, मग ते चिडले. एकानं त्याच्यावर घोंगडी टाकली. मी सवयीनं एका कच्च्या कागदावर रेघा मारत होतो, प्रत्येक वेळी एक. एकोणचाळीस झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला बॅटरी संपली आणि सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

दोन-चार दिवस म्हणालो होतो, लागले दोन उन्हाळे. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की फोन हा मुख्य पुरावा आहे, प्रयोगशाळेत तपासायचा आहे. काय तपासायचं? बटण वामननंच दाबलं हे तोच सांगत होता. पण पाठवायचा ठरला. एक शिपाई गाठोडं छातीशी धरून रेल्वेनं गेला आणि तिसऱ्या दिवशी तसाच परत आला, कारण मोहर ताडून पाहायला सोबत तिचा नमुना नव्हता. पुन्हा गेला. तेवढे दिवस त्याची बाजारातली ड्यूटी रिकामी, आणि त्याच आठवड्यात बाजारातून दोन मोटरसायकली गेल्या. मग त्या चोऱ्यांचे कागदही मीच लिहिले.

बाहेरच्यांना वाटतं की केस म्हणजे आरोपी, वकील आणि न्यायाधीश. केस म्हणजे साक्षीदार. बैठकीत जे जे होते ते सगळे साक्षीदार होऊ शकत होते. आम्ही अकराच घेतले, तरी त्यात चार पंचायतींचे सचिव, दोन अभियंते आणि एक नर्सबाई होत्या. पेशीची, म्हणजे सुनावणीची तारीख लागली की त्या दिवशी चार पंचायतींना कुलूप. म्हातारी माणसं दाखल्यासाठी येऊन परत जायची. उपकेंद्रात टोचायला आणलेली लेकरं परत. आणि कोर्टात काय? वकील नाही, नाही तर न्यायाधीश रजेवर, नाही तर पुकारा होईपर्यंत पाच वाजलेले. पुढची तारीख. नर्सबाई एकदा माझ्यावर खेकसल्या, "मुंशीजी, मी काहीच नाही पाह्यलं हो! मी तं फोन ठेवून पोळ्या करत होती!" मी म्हटलं, "बाई, हेच कोर्टात सांगा." ते सांगायला त्यांना पाच वेळा यावं लागलं.

तक्रार करणारे साहेब तोवर बदलून दूर गेले होते. त्यांची साक्ष कोर्टानं पडद्यावर घ्यायची ठरवली. म्हणजे तीही ऑनलाइनच. साहेब पडद्यावर आले, शपथ घेतली, आणि मागून भाजीवाला ओरडला. "मेथी ले लो, पालक ले लो!" न्यायाधीश थांबले. साहेब पुन्हा सुरू झाले आणि चित्र गोठलं, तोंड उघडं ते उघडंच. पुन्हा जोडलं तर यावेळी कुकरची शिट्टी. न्यायाधीशांचा कारकून, म्हणजे रीडर, खाली मान घालून हसत होता, वकील हसत होते, मीही हसलो. न्यायाधीश समंजसपणे म्हणाले, "कोई बात नहीं, आराम से." आरोपीच्या जागी वामन उभा होता. तो हसला नाही. नुसता पडद्याकडं पाहत होता.

वामनला कामावरून काढून घरी बसवलं होतं. त्याचा भाग दुसऱ्या मिस्त्रीला जोडला. तो तिगावाकडं राहायचा, त्याच्याकडं आधीच खूप पंप होते. वामन संत्रा तोडायला जाऊ लागला. पेशीला आला की मला नमस्कार करायचा. कधी एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पहिल्या उन्हाळ्यानंतर दिवाळीला मी माझ्या मोठ्या बहिणीकडं गेलो. कमळताई रामाकोन्याजवळच्या वस्तीत राहते. ती जेवायला वाढत होती आणि डावा हात नीट वळत नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, उन्हाळ्यात पंप बंद पडला ना आमचा. बागेतल्या विहिरीवर जात होतो, तं पाय सरकला पायरीवर. बसवला हात, पन वाकडा बसला."

"मिस्त्रीला फोन नाही केला?"

"केला ना. पंपावर लिवेल हाय नंबर. दोन दिवस लावून राह्यली मी. वाजे, पन कोनी उचलेच नाई. मंग तं बंदच झाला."

मी घास ताटात परत ठेवला. त्या एकोणचाळीस रेघांमध्ये माझ्या बहिणीच्या रेघा होत्या. मला इतकी लाज वाटली की मी तिला काही सांगू शकलो नाही. पाणी मागितलं. तिनं उजव्या हातानं दिलं.

माझी साक्ष शेवटून दुसरी होती. वामनचा वकील नवाच होता, पण हुशार. पंचनामा वर-खाली करून पाहिला, खोट निघाली नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "सिम निकालकर दे सकते थे?"

"नियम में मना नहीं था," मी म्हणालो.

"आरोपी ने माँगा था?"

सरकारी वकील माझ्याकडं पाहू लागले. कागदावर ते कुठंही नव्हतं. ‘याद नहीं’ म्हटलं असतं तर कोणी काही करू शकलं नसतं. पोलिसांच्या साक्षीतला तो सगळ्यात जास्त चालणारा शब्द आहे. मी म्हणालो, "माँगा था."

"फिर क्यों नहीं दिया?"

"कागज़ में काट-छाँट हो जाती, साहब."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. ठाण्यावर आल्यावर साहेबांनी मला खूप सुनावलं. रिटायर व्हायला चार महिने उरले आणि अक्कल गेली, म्हणाले. मी ऐकून घेतलं.

वामन सुटला. निकालात होतं की आवाज आला म्हणून काम थांबलं असेल, पण बळ वापरलं नाही आणि कटही दिसत नाही. त्याच निकालात एक ओळ अशी होती की जप्तीची कारवाई नियमानुसार आहे, पंचनाम्यात कुठंही खाडाखोड नाही. आयुष्यभर मला अशीच ओळ हवी होती. ती वाचून दाखवली तेव्हा मी दारापाशी उभा होतो, आणि वामन समोर.

फोन परत द्यायचा शेवटचा कागद मीच केला. मोहर तोडली, कापड उसवलं. फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. वामननं सिम काढलं, शर्टाला पुसलं आणि बाजारातल्या दुकानात घेऊन गेला. मीही सोबत गेलो. दुकानदारानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, हा नंबर बंद राहिला म्हणून कंपनीनं कधीचाच दुसऱ्याला दिला.

"कोनाले देल्ला?" वामननं विचारलं.

ते दुकानदाराला कसं कळणार? मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला आणि आवाज मोठा केला. एका बाईनं उचलला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत ती सुरू झाली.

"कौन सा गाँव? फिर पंप? अरे भैया, हम रतलाम से बोल रहे हैं! रोज कोई न कोई लगा देता है. पानी नहीं आ रहा, मिस्त्री को भेजो. हम कहाँ से भेजें मिस्त्री? हमारे यहाँ खुद एक दिन छोड़ के पानी आता है!"

मी म्हणालो, "बहनजी, मिस्त्री इधर ही है."

"इधर ही है? तो उसको बोलो पहले नंबर मिटाए! बेचारे लोग गर्मी में फोन लगाते हैं, हमको भी अच्छा नहीं लगता मना करते."

तिनं फोन ठेवला. दुकानदार हसत होता. वामन म्हणाला, "खरं हाय बाईचं."

त्याला पुन्हा कामावर घेतलं, तेच कंत्राट, तोच भाग. आता न विचारता काही करायचं नाही असं ठरवून, पंपांवरचे नंबर बदलून रंगवून द्या म्हणून त्यानं विभागाला अर्ज दिला. त्यावर रंगकामाचा प्रस्ताव तयार झाला, आणि तो अजून प्रस्तावच आहे. दरम्यान मी रिटायर झालो. एका रविवारी सकाळी निळ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणि दोन ब्रश घेऊन त्याच्या घरी गेलो. तो मोटरसायकल पुसत होता.

"काय जी मुंशीजी, इकडं कसे?"

"चल. नंबर मिटवायचा आहे."

त्यानं डब्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही, गाडीला किक मारली. सुरुवात कुठून करायची ते मी ठरवलं होतं.

कमळताईच्या वस्तीतला पंप पिंपळाखाली आहे. जुना नंबर उन्हानं फिका पडला होता, पण वाचता येत होता. वामन म्हणाला, "खरवडून काढू का?" मी म्हटलं, "नको. खरवडायचं नसतं. खालचं दिसलं पाहिजे." ब्रश बुडवला आणि त्या दहा आकड्यांवर एक रेघ मारली. रेघ वाकडी गेली, रंगाचा एक ओघळ खाली आला. खाली वामनचा नवा नंबर लिहिला. आवाज ऐकून ताई घागर घेऊन आली होती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "हे काय करून राह्यला रे तू? रिटायर होऊन पेंटर झाला का?"

मी तिला तिथंच सगळं सांगितलं. फोन कुठं वाजत होता, कोण मोजत होतं, आणि सिम का दिलं नाही. ती ऐकत राहिली. वामन पाठ फिरवून पेटीतले पाने उगाच खालीवर करत होता. ताईनं त्या ओल्या रेघेकडं पाहिलं. मग ती एवढंच म्हणाली, "एका रेघेसाठी?"

"हो," मी म्हणालो.

तिनं घागर तोटीखाली ठेवली आणि उजव्या हातानं दांडा मारायला लागली. पाणी आलं. मी पुन्हा ब्रश उचलला आणि रेघेच्या बाजूला, रंग ओला होता तोवर, माझी छोटी सही केली.

वामननं वळून पाहिलं. "अजी मुंशीजी, पंपावर सही कायले? इथं कोन पाह्यते?"

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते," मी म्हणालो, आणि तारीखही घातली.